मोटारीचे सोवळे
(द्वितीय वर्ष, कला)

कला शाखेच्या विद्यार्थ्याने वार्षिक अंकात काय लिहावे याचे काही ठराविक विषय आहेत. संतसाहित्य आहे, निसर्ग आहे, आजच्या तरुणापुढील प्रश्न आहेत, आणि काहीच सुचले नाही तर ‘मला आवडलेले पुस्तक’ आहेच. मी यंदा मोटारीविषयी लिहिणार आहे. तीही साधी मोटार नव्हे; साठ वर्षांपूर्वीची, सातासमुद्रापलीकडची, आणि आमच्या तालुक्याच्या रस्त्याला आजवर जिचे चाक लागलेले नाही अशी. एवढे वाचून ज्यांना पान उलटावेसे वाटेल त्यांनी खुशाल उलटावे. जे थांबतील त्यांच्याशी मला थोडा वाद घालायचा आहे. जुन्या वस्तूवर प्रेम करायचे म्हणजे तिला हात लावायचा नाही, की हात लावून ती चालती ठेवायची, असा तो वाद आहे.

अमेरिकेत १९६०च्या दशकात ‘मसल कार’ नावाचा एक प्रकार निघाला. मसल म्हणजे स्नायू. आपण तिला पैलवानगाडी म्हणू या. मध्यम आकाराची, दोन दारांची, पगारदाराच्या तरुण मुलाला हप्त्याने घेता येईल अशी गाडी घ्यायची आणि तिच्या पोटात मोठ्या गाडीचे आठ सिलिंडरांचे इंजिन बसवायचे, एवढीच तिची कृती. या जातीची पहिली गाडी कोणती यावर तिकडे पुष्कळ भांडणे आहेत. पण जिच्यामुळे या प्रकाराची लाट आली ती पाँटियाकची १९६४ची जी.टी.ओ., याबद्दल फारसे दुमत नाही.

तिचा जन्मच मोठा गमतीचा आहे. पाँटियाक ही जनरल मोटर्सची एक शाखा. १९६३च्या आरंभी जनरल मोटर्सच्या वरिष्ठांनी आपल्या शाखांना शर्यतींत भाग घ्यायला बंदी केली. त्यातच मध्यम आकाराच्या गाडीत ३३० घन इंचांहून मोठे इंजिन बसवायचे नाही असाही कंपनीचा नियम होता. पाँटियाकचे मुख्य अभियंता जॉन डिलोरियन आणि त्यांचे सहकारी बिल कॉलिन्स व रस जी यांच्या लक्षात आले, की त्यांचे ३२६ घन इंचांचे आणि ३८९ घन इंचांचे ही दोन्ही इंजिने बाहेरून सारख्याच मापाची आहेत. जिथे लहान बसते तिथे मोठेही बसते! मग नियमाचे काय? तर नवी गाडी काढली की वरिष्ठांची संमती लागते, पण जुन्या गाडीवर एखादी जादा सोय द्यायची असेल तर लागत नाही. म्हणून जी.टी.ओ. ही ‘टेम्पेस्ट ल माँ’ या गाडीवरची जादा सोय म्हणून विकायला ठेवली. शाखेचे प्रमुख पीट एस्टीस यांनी भीत भीत पाच हजार गाड्यांपुरती परवानगी दिली. पहिल्याच वर्षी ३२,४५० गाड्या खपल्या. पुढे वरिष्ठांनी नियमाचे नाव काढले नाही, हे सांगायला नकोच.

३८९ घन इंच म्हणजे सुमारे ६.४ लिटर. आपल्या पद्मिनीचे इंजिन १०८९ घन सेंटिमीटरचे. म्हणजे जवळजवळ सहा पद्मिन्या एका बॉनेटखाली. एका कार्बोरेटरवर ३२५ अश्वशक्ती, तीन कार्बोरेटर घेतले तर ३४८. अर्थात हे आकडे त्या काळच्या अमेरिकन पद्धतीचे आहेत. इंजिन एकटेच स्टँडवर ठेवायचे, त्याच्यावरची बरीचशी ओझी काढायची, आणि मग मोजायचे. म्हणजे लंगोट लावून धावणाऱ्याचा वेग मोजायचा आणि डोक्यावर पोते दिले तरी तो तितकाच धावेल असे छापायचे. १९७२च्या मॉडेलांपासून ही पद्धत बदलली आणि एका वर्षात सगळ्या पैलवानांची ताकद कागदावर घसरली.

आता वाद. या गाड्या आज ज्यांच्याकडे आहेत त्यांच्यात दोन पंथ पडले आहेत. पहिला पंथ सोवळ्याचा. गाडी कारखान्यातून ज्या दिवशी बाहेर पडली त्या दिवशी होती तशीच ती राहिली पाहिजे, हा या पंथाचा नियम. इंजिनावरचा नंबर आणि गाडीच्या कागदावरचा नंबर जुळला पाहिजे. नळीवरची क्लिप त्याच नमुन्याची पाहिजे. कारखान्यातल्या तपासनिसाने साठ वर्षांपूर्वी एखाद्या सुट्या भागावर खडूने खूण केली असेल तर तीसुद्धा पुन्हा खडूनेच काढतात, आणि प्रदर्शनात परीक्षक वही घेऊन ती खूण तपासतात. गाडी प्रदर्शनाला झाकलेल्या ट्रकमधून जाते आणि तशीच परत येते. रस्त्याला तिचा विटाळ होतो!

दुसरा पंथ याच्या अगदी उलट. त्यांना जुन्या गाडीचे फक्त कातडे हवे असते. आत संगणकावर चालणारे आजचे इंजिन, आजचा गिअरबॉक्स, आजची आसने, मोठमोठी चाके. पैसा असेल तर हे सगळे होते. मग बॉनेट उघडल्यावर जे दिसते ते शेजारच्या नव्या गाडीतही दिसते. एवढे करायचे तर नवी गाडी घ्यायला कोणाची हरकत होती?

मी या दोहोंच्या मधल्या माणसांच्या बाजूचा आहे. गाडी जुनी ठेवायची, इंजिन तिचे तिचेच ठेवायचे, पण बेताबेताने, तिच्या प्रकृतीला मानवेल तेवढे तिला सुधारायचे. हे लोक साधे असतात. गाडी स्वतः चालवतात, रविवारी तिच्याखाली झोपतात, हात काळे करतात. आणि सोवळेवाले यांच्याकडे जसे बघतात ना, तसे बघणे मला ओळखीचे आहे. माझे वडील गॅरेजात मिस्त्री आहेत. आमच्या घरात महाविद्यालयाची पायरी चढणारा मी पहिलाच. वस्तू हाताने चालती ठेवणारा माणूस आणि त्या वस्तूवर बोलणारा माणूस यांत मान कोणाला मिळतो, हे मला वर्गात बसूनही दिसते आणि गॅरेजात बसूनही दिसते.

सोवळ्याच्या पंथाला माझा पहिला प्रश्न इतिहासाचाच आहे. मूळ, मूळ असे जे तुम्ही म्हणता, ते मूळ म्हणजे नेमके कोणते?

डेट्रॉईट शहराच्या उत्तरेला रॉयल ओक नावाचे गाव आहे. तिथे ‘रॉयल पाँटियाक’ या नावाची पाँटियाक गाड्यांची एक एजन्सी होती. या एजन्सीत नवीकोरी गाडी घेतानाच ‘बॉबकॅट’ नावाची सुधारणा करून मिळत असे, आणि लांबच्या गिऱ्हाइकाला त्याचे सामान टपालानेही जात असे. त्या सामानात होते काय? हेडखाली घालायची पातळ गॅस्केटे, म्हणजे दाब थोडा वाढतो. कार्बोरेटरचे जरा मोठे जेट, म्हणजे पेट्रोल थोडे सढळ येते. डिस्ट्रिब्युटरमधले टायमिंग लवकर पुढे सरकावे अशी व्यवस्था. टॅपेट नेमके बसवून घट्ट धरणारे नट, म्हणजे वेगात इंजिन अडखळत नाही. आणि कार्बोरेटरच्या खालून जाणारी धुराची गरम वाट बंद करणारे गॅस्केट, म्हणजे आत जाणारी हवा थंड राहते. थंडीच्या दिवसांत सकाळी गाडी जरा कुरकुरते इतकेच. इंजिन फोडायचे नाही, सिलिंडर कापायचे नाहीत. दोन दिवसांचे काम, आणि गाडीचा स्वभावच बदलून जात असे.

गंमत पुढेच आहे. ‘कार अँड ड्रायव्हर’ या मासिकाने १९६४च्या मार्च महिन्यात जी.टी.ओ.ची परीक्षा छापली आणि तिची तुलना थेट इटलीच्या फेरारीच्या जी.टी.ओ.शी केली. (नावही तिथूनच उचललेले होते.) फेरारी प्रत्यक्षात परीक्षेला आलीच नव्हती, हा भाग वेगळा. ताशी साठ मैलांचा वेग ४.६ सेकंदांत! या आकड्याने अमेरिका हलली. आणि ही परीक्षेला दिलेली गाडी रॉयल पाँटियाकच्या हातून आलेली होती. तिच्यात ३८९ चे नव्हे, तर बाहेरून तसेच दिसणारे ४२१ घन इंचांचे इंजिन होते. पाँटियाकच्या जाहिरातीचे काम पाहणारे जिम वँगर्स यांनीच पुढे १९९८च्या आपल्या आठवणींच्या पुस्तकात हे सांगून टाकले.

या लबाडीचे मी समर्थन करीत नाही. पण वाचकहो, विचार करा. ज्या आकड्यांमुळे या गाडीची आख्यायिका झाली ते आकडे कारखान्यातून निघालेल्या गाडीचे नव्हतेच. या जातीच्या गाड्या जन्मापासूनच कोणीतरी हात लावलेल्या, कोणीतरी घरच्या अंगणात उघडून बसलेल्या अशा होत्या. कारखान्याचे ‘मूळ’ हे या परंपरेतले फक्त एक पान आहे. बॉबकॅटचे सामान घालून १९६५ साली रस्त्यावर धावलेली गाडी अस्सल नव्हे, आणि साठ वर्षे ताडपत्रीखाली झाकलेली तेवढी अस्सल, हे मला पटत नाही.

यावर माझ्या एका मित्राने (तो मराठी मुख्य विषयाचा आहे) मला नाथांची आठवण करून दिली. एकनाथांनी शके १५०६ मध्ये ज्ञानेश्वरीची प्रत शुद्ध केली ती लोकांनी मागाहून घुसवलेले पाठ काढण्यासाठी. आणि यापुढे कोणी स्वतःची ओवी त्यात घालू नये असे बजावले. मग मूळ प्रतीचे सोवळे पाळणाऱ्यांचे काय चुकले, असा त्याचा सवाल. सवाल चांगला आहे. माझे उत्तर असे, की पोथी चुकीच्या पाठाने वाचली तर अर्थाचा अनर्थ होईल, पण समोरून सायकलवर येणारे पोर दगावणार नाही. दीड टनाहून जड असलेली वस्तू ताशी साठ मैलांनी धावत असेल, तर तिच्या बाबतीत पहिला प्रश्न शुद्धतेचा नसतो, थांबण्याचा असतो.

आणि १९६४ची जी.टी.ओ. थांबत नाही. हे वाक्य मी जाणूनबुजून असे लिहिले आहे. तिच्या चारही चाकांना साडेनऊ इंचांचे ड्रम ब्रेक होते. म्हणजे लहान इंजिनाच्या टेम्पेस्टला जे दिले तेच. इंजिन वाढवले, ब्रेक वाढवले नाहीत! दहावीपर्यंतचे विज्ञान ज्याने केले आहे त्याला ठाऊक आहे, की वेग दुप्पट झाला की गतीतली ऊर्जा चौपट होते. ती सगळी ऊर्जा ब्रेक दाबल्यावर उष्णता होऊन ड्रममध्ये जाते. ड्रम बंद डब्यासारखा. उष्णता बाहेर पडायला वाव नाही. तापला की तो फुगतो आणि लायनरपासून दूर सरतो, लायनरची पकडही कमी होते. पहिल्यांदा ब्रेक लागतो, लगेच दुसऱ्यांदा लागतो तो जरा उशिरा, आणि तिसऱ्यांदा पाय खाली जातो पण गाडी मात्र चाललेलीच. घाटात उतरणाऱ्या लोडेड ट्रकचा जो वास येतो तो याच गोष्टीचा.

याहून वाईट गोष्ट मास्टर सिलिंडरची. त्या वेळी तो एकेरी असे. चारही चाकांना एकाच खणातून ऑईल जायचे. एका चाकातल्या सिलिंडरचे रबर फाटले, एक नळी गंजून फुटली, की चारही ब्रेक एकदम गेले. जोडखणी मास्टर सिलिंडर, ज्यात पुढच्या चाकांचा खण वेगळा आणि मागच्यांचा वेगळा असतो, तो जी.टी.ओ.ला १९६७च्या मॉडेलात आला, आणि पुढच्या चाकांना डिस्क ब्रेकची सोयही त्याच वर्षी जादा पैसे भरून मिळू लागली. हे काही कंपनीला आपसूक सुचले नव्हते. १९६६ साली अमेरिकेच्या रस्त्यांवर पन्नास हजारांहून अधिक माणसे मेली. त्याच वर्षी सप्टेंबरात तिथे मोटारींच्या सुरक्षिततेचा राष्ट्रीय कायदा झाला, आणि पट्टे, ब्रेक, धक्का लागताच दुमडणारा सुकाणूचा दांडा या गोष्टी एकामागून एक आल्या. १९६४च्या गाडीचा सुकाणूचा दांडा सरळ एकसंध आहे. समोरून ठोकर बसली तर तो भाल्यासारखा चालकाच्या छातीकडे येतो.

म्हणून माझ्या मते सुधारणेची सुरुवात इथे झाली पाहिजे, इंजिनात नव्हे. याच कुळातल्या पुढच्या वर्षांच्या गाड्यांचे सामान या गाडीला बऱ्याच अंशी चालते, त्यामुळे पुढे डिस्क, वर जोडखणी मास्टर सिलिंडर, आणि पुढच्या-मागच्या चाकांत जोर योग्य प्रमाणात वाटणारा व्हाल्व एवढे बसवता येते. काही डिस्कच्या संचांवर जुन्या चौदा इंची रिमा बसत नाहीत, त्या घासतात; ते आधी मोजून घ्यावे लागते. पट्टाही खांद्यावरून येणारा लावावा. टायर रेडियल घालावेत. जुने टायर आडव्या-तिडव्या पदरांचे असत आणि गाडी रस्त्यातल्या प्रत्येक घळीमागे धावे. रेडियल घातल्यावर पुढच्या चाकांचे अलाइनमेंट मात्र जुन्या पुस्तकातल्या आकड्यावर न ठेवता नव्याने करून घ्यावे लागते. सोवळेवाल्यांचे गुण यात कापले जातात. जाऊ द्यात.

आता इंजिन. इथे माझा जीव जास्त रमतो हे कबूल करतो.

आमच्या गॅरेजात अजून एक-दोन अँबेसेडर येतात, आणि वरातीसाठी जपून ठेवलेली एक पद्मिनी. त्यामुळे पॉइंट म्हणजे काय हे मला माझ्या वयाच्या बहुतेक मुलांपेक्षा जरा जास्त ठाऊक आहे. डिस्ट्रिब्युटरच्या टोपणाखाली दोन इवल्याशा धातूच्या टिकल्या असतात. त्या उघडल्या-मिटल्या की ठिणगी पडते. आठ सिलिंडरांच्या इंजिनात डिस्ट्रिब्युटरच्या एका फेऱ्यात आठ वेळा हे होते. टिकल्या जळतात, त्यांच्यात खड्डा पडतो, त्यांना उघडणारा तुकडा झिजतो आणि टायमिंग हळूहळू सरकते. गिऱ्हाईक म्हणते, गाडीला पिकअप नाही. वडील टोपण काढतात, कानशीच्या दोन हातांनी टिकल्या साफ करतात, फिलर गेजने अंतर लावतात, आणि गाडी पुन्हा तरुण होते. काही हजार किलोमीटरपुरती.

यावर जो इलाज तिकडे निघाला आहे तो मला फार आवडतो. लोहचुंबकाचे एक कडे आणि आगपेटीएवढा एक इलेक्ट्रॉनिक तुकडा, दोन्ही जुन्या डिस्ट्रिब्युटरच्या आतच बसतात. टोपण लावले की बाहेरून काहीही कळत नाही. झिजायला काही उरतच नाही. एक पथ्य मात्र आहे. पॉइंट जळू नयेत म्हणून कारखान्याने कॉइलकडे जाणाऱ्या तारेतच अडथळा ठेवून व्होल्टेज कमी केलेले असते. नव्या तुकड्याला पूर्ण बारा व्होल्ट लागतात. ती तार वेगळी घेतली नाही की गाडी मिसिंग मारते आणि लोक नव्या वस्तूला नावे ठेवतात. शहाणा माणूस जुने पॉइंट आणि कंडेन्सर पुडीत बांधून डॅशबोर्डच्या कप्प्यात ठेवतो. रस्त्यात तो तुकडा मेलाच तर अर्ध्या तासात जुनी पद्धत परत.

त्याच डिस्ट्रिब्युटरमध्ये दोन वजने आणि दोन स्प्रिंगा असतात. इंजिनाचा वेग वाढला की वजने बाहेर फेकली जातात आणि ठिणगी लवकर पडू लागते. स्प्रिंगा जरा हलक्या घातल्या तर हे काम लवकर होते आणि खालच्या वेगातला जोर खुलतो. हीच ती बॉबकॅटमधली युक्ती. खर्च जवळजवळ नाही. लागतो तो कान. आणि किती पुढे घ्यायचे याला मर्यादा आहे, कारण पेट्रोल आता ते राहिलेले नाही.

हा पेट्रोलचा मुद्दा जरा नीट सांगायला हवा, कारण इथे जुन्याचे आंधळे अनुकरण अंगाशी येते. जी.टी.ओ.च्या इंजिनाचा दाब १०.७५ ला एक असा होता. त्या काळी पंपावर शिसे घातलेले, वरच्या प्रतीचे पेट्रोल मिळत असे, म्हणून तो चालला. शिशाचे विष हवेत जाते हे कळल्यावर अमेरिकेत ते हळूहळू कमी झाले आणि १९९६च्या आरंभापासून रस्त्यावरच्या गाड्यांसाठी पूर्ण बंद झाले. आपल्याकडे ते २००० साली गेले. आजच्या पंपावरच्या पेट्रोलवर तो दाब आणि ते लोखंडी हेड यांची जोडी घातली, की चढावर इंजिनातून खडखड ऐकू येते. वडील त्याला नॉकिंग म्हणतात आणि तो आवाज ऐकला की हातातले काम टाकून उठतात. म्हणून १९६४ साली ज्या इंजिनाला पातळ गॅस्केटे घालून दाब वाढवणे शहाणपणाचे होते, त्याच इंजिनाचे आज काम काढले तर दाब उतरवून साडेनऊच्या आसपास आणणे शहाणपणाचे आहे. नाव एकच, सुधारणा, पण दिशा उलटी. रॉयल पाँटियाकच्या मिस्त्र्यांनी आज हेच केले असते असे मला वाटते, कारण ते पोथी वाचत नव्हते, समोरचे पेट्रोल बघत होते.

शिशाचा दुसरा उपयोग व्हाल्वच्या बैठकींना होत असे. ते गेल्यावर बैठकी झिजतात. त्यासाठी कठीण धातूच्या बैठकी घालता येतात. पण रविवारी चार मैल फिरणाऱ्या गाडीचे एवढ्यासाठी हेड उतरवू नये. उतरलेलेच असेल तेव्हा घालाव्यात. ऑईलचेही तसेच. आजच्या गाड्यांच्या धुराड्यातील शुद्धीकरणाच्या यंत्राला बाधू नये म्हणून नव्या ऑईलमधले जस्त-फॉस्फरस कमी केले आहे, आणि जुन्या इंजिनातले चपटे टॅपेट नेमके त्याच्यावर जगतात. जुन्या इंजिनांसाठीचे ऑईल वेगळे मिळते, ते घ्यावे. आणि इथेनॉल! अमेरिकेत बहुतेक पंपांवर दहा टक्के असते. आपल्याकडे २०२५ पर्यंत ते वीस टक्क्यांवर आले. आमच्याकडचा ऊस आता साखरेच्या पोत्यांबरोबर पेट्रोलच्या टाकीतही जातो याचा ऊसवाल्या घरांना आनंद आहे, आणि तो मलाही आहे. पण जुन्या रबरी नळ्यांना ते सोसत नाही. त्या चिकट होतात, भेगाळतात, आणि तापलेल्या इंजिनावर पेट्रोल ठिबकू लागते. तेव्हा मूळ नळी, मूळ नळी करीत बसणाऱ्याने निदान शेजारी वाळूची बादली ठेवावी.

कार्बोरेटरबद्दल थोडक्यात. १९६४च्या ३२५ अश्वशक्तीच्या गाडीवर कार्टर कंपनीचा चार तोंडांचा कार्बोरेटर होता. आज एडलब्रॉक या नावाने जो नवा मिळतो तो त्याच रचनेवर बेतलेला आहे. जुन्याचा आस झिजून बाजूने हवा घेत असेल तर नवा लावावा. धुराच्या बाजूला कारखान्याचे बिडाचे मॅनिफोल्ड अरुंद आहे. त्याऐवजी लोक लांब नळ्यांचे हेडर बसवतात. ते गळतात, तापतात, खड्ड्यात घासतात. पाँटियाकनेच पुढच्या काळात जास्त मोकळे बिडाचे मॅनिफोल्ड काढले होते, त्यांच्या नव्या प्रती मिळतात. मधला मार्ग तो.

कॅमशाफ्टच्या बाबतीत मात्र बहुतेक तरुण बहकतात. मोठा कॅम घातला की गाडी उभ्या जागी डुगडुगते, आणि तो आवाज ऐकून पोरे खूष होतात. पण या इंजिनाची खरी श्रीमंती खालच्या वेगात आहे. ४२८ फूट-पौंडांचा पीळ, तोही ३२०० फेऱ्यांवर. मोठा कॅम ती श्रीमंती काढून वरच्या वेगात नेतो, जिथे रस्त्यावर कोणी जातच नाही. शिवाय उभ्या इंजिनाचे व्हॅक्यूम पडते, आणि ब्रेकला मदत करणारा डबा त्याच व्हॅक्यूमवर चालतो. म्हणजे आवाजासाठी पुन्हा ब्रेक गमावले! इतका अविचार करणाऱ्यापेक्षा मला सोवळेवाला परवडला.

गिअरचे गणित सोपे आहे. मागच्या क्राऊन-पिनियनचे प्रमाण ३.५५ असेल आणि टायर सव्वीस इंचांचे असेल, तर ताशी सत्तर मैलांना इंजिन सुमारे ३२०० फेरे घेते. तासभर असे चालवल्यावर कान बधिर होतात. पाचवा, ०.६४ चा गिअर असलेला बॉक्स घातला, की तेच इंजिन दोन हजारांवर येते; सुटतानाची झेप तीच, लांबच्या रस्त्याला विसावा. हा खर्चिक बदल आहे. पण गाडी खरोखर लांब नेणारा माणूस तो करतो, आणि जुना चार गिअरांचा बॉक्स पुसून, तेल लावून, पोत्यात गुंडाळून ठेवतो.

हे पोत्यात गुंडाळून ठेवणे मला फार महत्त्वाचे वाटते. बेताच्या सुधारणेची माझी व्याख्याच ती आहे: जे काढले ते परत लावता आले पाहिजे. पत्रा कापायचा नाही, चासिसला भोक पाडायचे नाही, इंजिनाच्या ब्लॉकवरचा नंबर घासायचा नाही. प्रत्येक काढलेल्या भागाला चिठ्ठी बांधायची. १९६४ आणि १९६५ च्या जी.टी.ओ.च्या बाबतीत तर हे फारच जपायला हवे, कारण ती जादा सोय म्हणून विकलेली असल्यामुळे गाडीच्या नंबरावरून ती जी.टी.ओ. आहे की साधी ल माँ, हे कळतच नाही. जुनी कागदपत्रे हाच पुरावा. पाँटियाकही आता राहिली नाही. २००९ साली जनरल मोटर्सने ती बंद करण्याचे जाहीर केले. तेव्हा मूळ सुटे भाग मोडीत घालणाऱ्याला माझ्याकडून क्षमा नाही. सोवळेवाल्यांचा एवढा एक आग्रह मी मनापासून मान्य करतो. त्यांच्या चिकाटीमुळेच कोणत्या वर्षी कोणता नट होता हे आज कोणालाही सांगता येते.

पण ज्यांच्यामुळे गाडी चालते त्यांची नोंद कोण ठेवतो? डिलोरियन यांच्यावर पुस्तके आहेत, चित्रपट आहेत. रॉयल ओकच्या त्या एजन्सीत स्प्रिंगा बदलणाऱ्या, जेट मोठे करणाऱ्या, कानाने टायमिंग लावणाऱ्या मिस्त्र्यांपैकी किती जणांची नावे वाचकांना ठाऊक असतील? आमच्याकडेही कुर्ल्याच्या प्रीमियर कारखान्यात १९४७ पासून डॉज, प्लिमथ, डिसोटो या अमेरिकन गाड्यांची जुळणी झाली. वालचंद हिराचंद यांचे नाव सर्वांना माहीत आहे, आणि ते असलेच पाहिजे. जुळणी करणारे हात कोणाचे होते हे मात्र कोणत्या पुस्तकात शोधावे हे मला आमच्या ग्रंथालयात कोणी सांगू शकले नाही. इतिहास हा माझा विषय आहे, म्हणून हे खटकते. २०२३च्या ऑक्टोबरात मुंबईच्या रस्त्यावरून शेवटची पद्मिनी टॅक्सी गेली तेव्हा वर्तमानपत्रांतून गाडीवर पुष्कळ हळहळ छापून आली. ती वीस वर्षे चालती ठेवणाऱ्यांवर त्या मानाने दोन ओळीच.

कार्बोरेटर उघडून बसवणारी माणसे आता अमेरिकेतही म्हातारी झाली आहेत. सोवळ्याच्या गाड्या चालतच नाहीत, त्यामुळे त्यांना या हातांची गरज खडूच्या खुणेपुरतीच. दुसऱ्या पंथाच्या गाड्यांना संगणक लागतो. जुनी विद्या जर कोणाच्या गाडीखाली शिकली जात असेल तर ती या मधल्या, बेताने सुधारणाऱ्यांच्या. तिथे एखादा म्हातारा सांगतो आणि एखादा पोरगा पान्हा धरतो.

उद्या कोणी १९६४ची जी.टी.ओ. आमच्या गॅरेजापुढे आणून उभी केली (कोण आणतो म्हणा!) तर पहिल्या दिवशी मी तिचे बॉनेट उघडणार नाही. मालक बॉनेटच उघडायला सांगेल, कारण सगळ्यांना तेच दाखवायचे असते. मी जॅक लावून चारही चाके काढीन, ड्रम उतरवीन, आणि प्रत्येक सिलिंडरचे रबर उचलून त्यामागे ओल आहे का ते बोटाने पाहीन.